चेक्ड म्हणजे कोणी पाहिलं?

दार उघडलं तेव्हा आधी पिकत्या केळ्यांचा गोड वास आला, मग गार हवा, आणि मग मागच्या कॅरेटच्या थप्पीआडून एक पांढरा गमबूट दिसला. गमबुटात पाय होता. पाय हलत नव्हता.

तीन माणसं आत धावायला निघाली. मी दारात आडवी उभी राहिले. माझ्या अंगात आता जोर नाही, पण रुंदी आहे.

"कोणी आत जायचं नाही. आधी पंखा."

पंखा बंद होता. जितूने, म्हणजे आमच्या मशीनवाल्याने, जनरेटरवरून वेगळी तार ओढून तो चालू केला. मी मनात शंभर आकडे मोजले. समोर पाय दिसत असताना शंभर आकडे मोजत उभं राहणं, याहून वाईट काम मी आयुष्यात केलेलं नाही. पण तेच बरोबर होतं. नाहीतर दोघींच्या जागी पाच जण पडले असते. मग जितू आणि आणखी एक जण तोंडाला ओलं फडकं बांधून, श्वास रोखून आत गेले. आधी कमलला ओढून आणलं, मग सुनंदाला.

दाराला प्लास्टिकच्या पाकिटात एक कागद लटकत होता. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, 'रूम व्हेंटिलेटेड. रूम चेक्ड. नो पर्सन इनसाइड.' म्हणजे खोलीत हवा खेळवली, खोली तपासली, आत कोणी नाही. खाली वेळ होती अडीचची, आणि सही.

तो कागद मी वीस मिनिटं आधी वाचला होता. आणि मी त्यावर विश्वास ठेवला होता.

त्या दोघींचं काय झालं, हे लोक मला सगळ्यात आधी विचारतात. ते सांगीन. पण कागदाचं कोणीच विचारत नाही, म्हणून आधी कागदाचं सांगते. हा अंक काढणारे म्हणाले, तुमच्या कष्टांबद्दल लिहा. कष्टांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, कष्ट आमच्याकडे सगळेच करतात. मी इंग्रजी क्रियापदांच्या काळांबद्दल लिहिणार आहे. चौथी शिकलेल्या बाईने त्यावर लिहू नये असं ज्यांना वाटतं त्यांनी पान उलटावं.

माझं माहेर दोंडाईच्याकडचं, दिलं रावेरकडे. मी केळीच्या शेडवर आले तेव्हा 'आहे'ला 'शे' आणि 'सगळा'ला 'बठ्ठा' म्हणाले की इकडच्या बाया हसायच्या. आता मी त्यांच्यावर हसते. केळीच्या कामात मी तीस वर्षांच्या वर काढली. शेतातून घड येतो, आम्ही त्याच्या फण्या कापतो, चीक जाईपर्यंत पाण्यात टाकतो, निथळवतो, वजन करतो, खोक्यात भरतो. हिरवा माल परदेशी जातो. काही माल इथेच बंद खोलीत गॅस सोडून पिकवतात आणि मोठ्या शहरांतल्या दुकानांना देतात. त्या खोलीला आता चेंबर म्हणतात.

बाहेरच्या माणसाला एक गोष्ट माहीत नसते. केळं तोडलं तरी ते श्वास घेत राहतं. बंद खोलीत हजारो केळी श्वास घेत असतील तर आतली हवा माणसाच्या कामाची राहत नाही. वास गोडच येतो. डोकं जड होतं, बसावंसं वाटतं, आणि बसलेला माणूस उठत नाही. म्हणून आत जायच्या आधी दार उघडं टाकून पंखा अर्धा तास चालवायचा. आणि दार लावायच्या आधी आत कोणी आहे का ते स्वतः फिरून बघायचं. आतून उघडायची कडी असते, पण कडीपर्यंत चालत जाता यायला हवं.

माझ्या तरुणपणी चेंबर नव्हते. मातीच्या खोलीत धूर करून केळी पिकवायचे. तो धूर याहून वाईट. तेव्हा रीत अशी होती की आत जाताना चपला दाराशी काढायच्या. देवळासारख्या, पण देवासाठी नाही. दार लावणारा चपला मोजायचा. दाराशी चपला आहेत तोवर दार लागत नसे, मग मालाची किती का घाई असेना. आमच्या मुकादमाला लिहिता येत नव्हतं. त्याच्या हातून एकही माणूस गेला नाही.

मग परदेशी माल जायला लागला आणि शेडवर इंग्रजी आलं. चपला बंद झाल्या. पांढरे गमबूट, पांढरी टोपी. आमच्या चपला शेडच्या पार दुसऱ्या टोकाला, मोरीजवळच्या रॅकमध्ये. मी योगेशला म्हणाले, चेंबरच्या दाराशी चपलांची रीत होती. योगेश आमचा मॅनेजर, मालकांचा भाचा. पोरगा वाईट नव्हता, बायांशी नीट बोलायचा.

"अक्का, आता त्याची गरज नाही. आता सिस्टीम आहे," तो म्हणाला. सिस्टीम म्हणजे तो कागद.

वर्षातून दोनदा तपासणीवाले यायचे. स्वच्छता आहे का, कामगारांना शिकवलंय का, हे बघायला. यायच्या आधी योगेश आम्हाला ओळीत उभं करून उत्तरं पाठ करून घ्यायचा. युक्ती सोपी होती. साहेबाने 'डू यू' म्हटलं की 'येस सर, वुई डू'. 'हॅव यू' म्हटलं की 'येस सर, वुई हॅव'. 'विल यू' म्हटलं की 'येस सर, वुई विल'. अर्थ कळायची गरज नाही, पहिला शब्द धरायचा आणि परत करायचा. आम्ही अगदी सुरात म्हणायचो.

एकदा दक्षिणेकडचे एक साहेब आले. मराठी अजिबात नाही, हिंदी नावाला. हात धुता का, येस सर वुई डू. शिकवलंय का, येस सर वुई हॅव. सगळं छान चाललं होतं. मग ते चेंबरकडे वळून काहीतरी लांबलचक बोलले. सुरुवातीला 'हॅव यू' होतं. आम्ही बारा जणी एका आवाजात म्हणालो, "येस सर, वुई हॅव."

साहेबांनी पेन थांबवलं. परत विचारलं. आम्ही परत तेच, जरा जास्त मोठ्याने. योगेशचा चेहरा धुतलेल्या केळीसारखा झाला.

साहेब गेल्यावर मी नसरीनकडे गेले. नसरीन ऑफिसात कागद टाइप करायची, रोज सावद्याहून बसने यायची.

"काय विचारलं ग त्यांनी?"

ती हसू दाबत होती. "अक्का, त्यांनी विचारलं, या खोलीत तुम्ही कधी चक्कर येऊन पडला आहात का."

सगळ्या हसल्या. सुनंदा तर पोट धरून खाली बसली. ती सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून ट्रॅक्टरमध्ये उभी राहून यायची आणि तिला हसायला निमित्त लागत नसे. एकटी कमल हसली नाही. कमल कमी बोलणारी, शेडवर सगळ्यात जलद हात तिचा. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, "अक्का, मी खरंच पडले होते. दोन महिन्यांपूर्वी. भिंतीला धरून बाहेर आले."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कोणी विचारलं नाही. आता विचारलं तर सांगितलं."

त्या दिवशी मी ठरवलं. माझ्या तोंडातून जे निघतं ते मला समजल्याशिवाय निघणार नाही. नसरीनला म्हणाले, मला शिकव.

"ए बी सी डी येते का?"

"खोक्यांवरून येते."

"मग काय शिकवू?"

"झालं, होतंय आणि होईल. हे तीन वेगळे करायला शिकव. बाकीचं राहू दे."

जेवणाच्या सुट्टीत ती खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून द्यायची. पहिले आठ दिवस डोक्यात काही शिरलं नाही. मग एके दिवशी तिने पुठ्ठा बाजूला ठेवला आणि मला पाण्याच्या टाकीपाशी उभं केलं. घड अजून दोरीला लटकतोय, ते 'विल वॉश'. फणी पाण्यात आहे आणि माझा हात तिच्यावर आहे, ते 'अ‍ॅम वॉशिंग'. फणी टेबलावर आहे, पाणी अजून निथळतंय, ते 'हॅव वॉश्ड'. कालची फणी, गाडीत बसून गेली, तिचं माझं नातं संपलं, ते नुसतं 'वॉश्ड'.

मी म्हणाले, हे तर मला येतंच. धुईन, धुतेय, धुतलंय, धुतलं. नसरीन म्हणाली, अक्का, मी आठ दिवस हेच सांगतेय.

'वुई वॉश' मात्र टाकीवर कुठेच ठेवता येईना. नसरीन म्हणाली, ते रोजचं. आम्ही हात धुतो, आम्ही केळी पिकवतो, सूर्य पूर्वेला उगवतो. मी विचारलं, आज हात धुतले नाहीत तरी 'वुई वॉश' म्हणता येतं? ती म्हणाली, येतं. तेव्हा मला कळलं की तपासणीवाल्यांना हा काळ इतका का आवडतो. त्यात खोटं सापडत नाही. आम्ही सुरक्षेची काळजी घेतो. कधी घेतली, ते वाक्य विचारूच देत नाही.

चुका भरपूर केल्या. माझी सगळ्यात हट्टी चूक 'डिड'ची. मी म्हणायचे, 'आय डिड नॉट वॉश्ड'. नसरीन टेबलावर बोट आपटायची. डिडने एकदा सांगितलंय की गोष्ट मागची आहे, अक्का, पुढचं क्रियापद मोकळं सोडा. डिड नॉट वॉश. ही चूक जायला पूर्ण एक हंगाम लागला. 'कट'चा मला राग यायचा, त्याचा भूतकाळही कटच. 'गो'चं 'वेन्ट' का होतं याचं उत्तर नसरीनलाही आलं नाही.

सुनंदा रोज सकाळी विचारायची, "काय अक्का, आज कोणता काळ चालू आहे?"

"तुझा वाईट चालू आहे, फण्या कमी भरल्यास."

"ते कालचं. 'डिड' म्हण."

ऐकून ऐकून तिलाही यायला लागलं होतं, पण कबूल करायची नाही.

शिकल्यावर मला माणसंही वेगळी ऐकू यायला लागली. आमच्याकडे न झालेल्या कामाला झालं म्हणायची रीत आहे, आणि तिला कोणी खोटं समजत नाही. दारात हाक मारा, घरातली बाई चुलीपुढून म्हणते, आलेच. ती अजून उठलेलीसुद्धा नसते. मुक्ताईनगरचा एक गाडीवाला आमचा माल न्यायचा. फोन केला की म्हणायचा, "निंघनू अक्का, निंघनू." निघालो म्हणे. मागे चहाच्या ग्लासांचा आवाज. मी म्हणायचे, "निंघना नही, बठेल शे तू. खरं बोल." निघाला नाहीस, बसलेला आहेस. तो म्हणायचा, "अक्का, मन निंघी गयं, गाडी मांगून ई राहिनी." मन निघालं, गाडी मागून येते आहे. यात त्याला काही वावगं वाटत नसे. मलाही वाटलं नव्हतं.

योगेशचं तेच होतं, फक्त इंग्रजीत. सकाळी साडेनऊला चहा पिता पिता तो चेंबरचा दिवसभराचा कागद भरायचा. सगळे रकाने, सगळ्या वेळा, दुपारच्या आणि संध्याकाळच्यासुद्धा. व्हेंटिलेटेड, चेक्ड, क्लीन्ड. एकदा मी त्याच्या मागे उभी राहून वाचलं.

"योगेशभाऊ, संध्याकाळ झाली का?"

"का हो अक्का?"

"पाच वाजता क्लीन्ड लिहिलंय. आता साडेनऊ झालेत. अजून कोणी झाडू हातात घेतलेला नाही."

तो हसला. "वाचता येतं वाटतं आता. अक्का, रकाना रिकामा दिसला तर तपासणीवाले चालवून घेत नाहीत. आणि काम तर होणारच आहे ना?"

"मग 'विल' लिहा."

"विलचा रकाना नाही."

मीही हसले. हे मी मुद्दाम लिहिते आहे. त्या दिवशी मी हसले आणि फण्या कापायला गेले. मालकांकडे जायला हवं होतं. गेले नाही. मला वाटलं, पकडलं की नाही त्याला, झालं. मला माझ्या इंग्रजीचं कौतुक पडलं होतं.

आता तो दिवस.

दुपारी एकला वीज गेली. जनरेटर चालू झाला, पण चेंबरचा पंखा जनरेटरवर नव्हता. योगेश जनरेटरच्या डिझेलच्या मागे धावत होता. दोनच्या सुमारास सुनंदा आणि कमल आत गेल्या. मागच्या थप्पीतले डागी कॅरेट वेगळे काढायचे होते. दाराशी कागद होता, 'व्हेंटिलेटेड', दीडची वेळ. सुनंदाला तेवढं वाचता येत होतं. माझ्यामुळे येत होतं. अडीचला जितू दार लावायला आला. तोही कागद वाचणाराच. 'चेक्ड, नो पर्सन इनसाइड.' त्याने दार लावलं, कडी घातली, गॅस सोडला.

तीनला चहा. दोघी नाहीत. मी चेंबरकडे गेले, दार बंद, कागद वाचला. म्हणजे बाहेर पडल्या असणार. मग मोरीकडे पाहिलं, शेडच्या मागे पाहिलं. गेटवर विचारलं. गेटवरचे नाना म्हणाले, "मी पाहिल्या नाहीत, पण मी पण मधे पाण्याला गेलो होतो. रिक्षाने गेल्या असतील." मी रस्त्यापर्यंत चालत गेले. मनात शिव्याही दिल्या, न सांगता गेल्या म्हणून.

ज्या बाईने महिनाभर आधी त्याच माणसाला सकाळी संध्याकाळचा कागद भरताना पाहिलं होतं, तिने त्याच माणसाच्या कागदावर भरवसा ठेवला. का ठेवला, याचा मी पुष्कळ विचार केला. माझं उत्तर असं आहे. इतक्या कष्टाने वाचायला शिकले होते, की जे वाचता आलं ते खरं वाटलं.

परत येताना मोरीजवळ हात धुवायला थांबले. समोर रॅक. वरच्या फळीवर सुनंदाची निळी स्लीपर, एका पट्ट्याला तार बांधलेली. शेजारी कमलच्या चपला.

कागद म्हणत होता, गेल्या. चपला म्हणत होत्या, आहेत.

मी या वयात धावले. जितू चेंबरच्या मशीनपाशी होता. घाबरले की मला माहेरची बोली येते. "दार उघड. त्या मझार शेतस." त्या आत आहेत.

"अक्का, गॅस सोडलाय. आता उघडलं तर सगळा माल बिघडेल. आणि चेक्ड आहे, बघा ना."

"कोणी चेक केलं?"

"कागदावर आहे."

"तू आत फिरलास?"

मी कडीला हात घातला, तेव्हा त्याने मला बाजूला करून स्वतः उघडली. पुढचं सुरुवातीला सांगितलं आहे.

तिसऱ्या दिवशी मला ऑफिसात बोलावलं. मालक होते, त्यांना आम्ही आबा म्हणतो. योगेश भिंतीला टेकून उभा. एक वकील, एक सरकारी साहेब. नसरीन टाइपच्या मशीनपुढे, मान खाली. दोघींपैकी कोणीही येऊन काही सांगण्यासारख्या स्थितीत नव्हती, म्हणून साक्षीदार मी आणि जितू. जितूने आधीच सही केलेली.

कागद टाइप करून तयार होता. वकिलांनी शाईचा पॅड पुढे सरकवला. "अंगठा चालेल, आजी."

"सही येते. वाचताही येतं."

मी वाचला. बोट ठेवून वाचला, वेळ लावून वाचला. कोणीतरी घड्याळ बघितलं, तरी तेवढाच वेळ लावला. त्यात होतं, 'द रूम वॉज चेक्ड.' आणि खाली, 'द वर्कर्स हॅड री-एन्टर्ड.' हॅड मला नसरीनने शिकवलेलं होतं. दोन मागच्या गोष्टी असल्या की जी आधीची तिला हॅड. म्हणजे यांचं म्हणणं असं, की खोली तपासली होती, आणि दार लागायच्या आधी या दोघी कोणाला न सांगता परत आत घुसल्या होत्या. सगळं त्या दोघींवर.

"चेक्ड म्हणजे कोणी पाहिलं?" मी विचारलं.

वकील म्हणाले, "आजी, इंग्रजीत असंच लिहितात. वॉज चेक्ड. कोणी केलं ते लिहायची पद्धत नाही."

"म्हणून तर विचारते. नाव घाला."

आबा म्हणाले, "वत्सलाअक्का, तुम्ही घरातल्या. पोराचं सगळं आयुष्य पुढे आहे."

"आबा, या दोघींचं कुठे आहे?"

योगेश भिंतीपासून पुढे आला. त्याचे डोळे सुजलेले होते. "अक्का, रोजच्यासारखं साडेनऊला लिहून ठेवलं, पण मी बघणारच होतो. लाइट गेली, मी डिझेलला गेलो. मी येऊन बघणारच होतो."

"माहीत आहे मला. तेच लिही. बघणार होतो असं लिही. बघितलं असं लिहू नको."

सरकारी साहेब म्हणाले, "बाई, तुमचं म्हणणं मराठीत सांगा. आम्ही भाषांतर करून घेऊ."

"नाही. भाषांतरात माणूस गळतो. हा कागद ज्या भाषेत आहे त्याच भाषेत मी लिहिणार."

नसरीनची मान तशीच खाली होती. तिची नोकरी त्या खोलीतल्या माणसांच्या हातात होती आणि घरी तिच्यावर चार जण अवलंबून होते, तिने बोलावं अशी माझी अपेक्षा नव्हती. पण तिने मशीनमधला एक कोरा कागद ओढला आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवला.

मी पाच वाक्यं लिहिली. आजही पाठ आहेत.

'योगेश रोट अ‍ॅट नाइन थर्टी. ही डिड नॉट चेक. द फॅन डिड नॉट रन. कमल अँड सुनंदा वेअर इनसाइड. आय रेड द पेपर अँड आय बिलीव्ह्ड इट.'

योगेशने साडेनऊला लिहिलं. त्याने पाहिलं नाही. पंखा चालला नाही. कमल आणि सुनंदा आत होत्या. मी कागद वाचला आणि मी त्यावर विश्वास ठेवला. दोन वेळा डिड नॉट आलं आणि दोन्ही वेळा मी पुढचं क्रियापद मोकळं सोडलं.

वकील म्हणाले, शेवटचं वाक्य काढा, त्याने तुम्हीच अडचणीत याल. मी म्हणाले, ते काढलं तर वरची चार कोण खरी मानेल? वाक्य राहिलं. खाली माझं पूर्ण नाव लिहिलं. सरकारी साहेबांनी कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि फाइलमध्ये नाही, खिशात ठेवला. मला वाटलं, गेला आपला कागद. पण तो गेला नाही. पुढे तोच कागद चालला आणि टाइप केलेला मागे पडला. 'री-एन्टर्ड' कुठेच राहिलं नाही. जितूनेही नंतर आपलं म्हणणं बदललं. उशिरा बदललं, पण बदललं.

मला दुसऱ्या आठवड्यापासून येऊ नका असं सांगण्यात आलं. वयाचं कारण दिलं. मी म्हणाले, कारण लिहून द्या, कोण काढतंय त्याच्या नावासकट. ते काही मिळालं नाही. जाताना मी रॅकपाशी गेले, माझ्या चपला घेतल्या आणि पार शेड ओलांडून चेंबरच्या दाराशी जाऊन तिथे घातल्या. सगळ्या बाया बघत होत्या. दुसऱ्या दिवसापासून बायांनी चपला चेंबरच्या दाराशी काढायला सुरुवात केली. तपासणीवाले ओरडतात, स्वच्छतेत बसत नाही म्हणतात. बाया 'येस सर, वुई विल' म्हणतात आणि चपला तिथेच ठेवतात. चपला असताना जितू दार लावत नाही.

योगेश आता भुसावळकडे दुसरं काहीतरी करतो. त्याची केस चालू आहे. बाजारात एकदा समोर आला, त्याने खाली पाहिलं, मी खाली पाहिलं नाही. तो खोटारडा नव्हता. तो आमच्यातलाच होता, निंघनू म्हणणारा. म्हणून मी त्याला वाईट म्हणत नाही. माफही केलेलं नाही.

लोक म्हणतात, म्हातारपणी इंग्रजी शिकून काय मिळवलंस. नातीच्या शाळेतल्या बाईंनीसुद्धा विचारलं, कौतुकाने. मी त्यांना म्हणाले, तुम्ही पोरांना काळ शिकवता तेव्हा रूपं पाठ करून घेता. आणखी एक करा. पोराने भूतकाळात वाक्य लिहिलं की त्याला विचारा, हे झालं का, तू पाहिलंस का. त्या म्हणाल्या, परीक्षेत तसं विचारत नाहीत. मी म्हणाले, मला विचारलं होतं.

आता त्या दोघींचं. सुनंदा दवाखान्याच्या वाटेवर गाडीतच गेली. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. कमल पाच दिवस बोलली नाही, सहाव्या दिवशी बोलली. सुनंदा पस्तीस वर्षांची होती. कमल जगली.